शेंगेन व्हिसा, आई आणि जर्मनीचं हमीपत्र

आपलं माणूस परदेशात असताना टुरिस्ट व्हिसा काढायचा म्हणजे दोन ठिकाणी उत्तरं द्यावी लागतात, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे नेमकी उलटी उत्तरं हवी असतात. कॉन्सुलेटला ऐकायचं असतं की ही बाई फिरणार आणि गुपचूप परत येणार. घरी आईला ऐकायचं असतं की हे नुसतं फिरण्यापुरतं नाहीये, पुढे काहीतरी होणार आहे. २०२५ चा अख्खा सप्टेंबर-ऑक्टोबर मी या दोघांच्या मधे काढला. ज्यांचं कोणी तिकडे आहे आणि जे पहिल्यांदाच अप्लाय करतायत त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून टाकतेय, लांबण लागेल, आधीच सांगते.

मी ठाण्याची, नौपाड्यात राहते, नोकरी ऐरोलीला आयटीत. हा, म्हणजे माझा बॉयफ्रेंड, डोंबिवलीचा, त्यामुळे लाँग डिस्टन्सची प्रॅक्टिस आम्हाला आधीपासूनच होती, संध्याकाळी सात वाजता ठाण्याहून कल्याणकडे जाणारी गाडी पकडून ज्याने प्रेम केलंय त्याला जर्मनीचं काय कौतुक. मास्टर्सला तिकडे गेला, मग तिथेच नोकरी लागली, आता लाइपझिगला आहे, ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना तिकडे नोकरीसाठी मिळणाऱ्या परमिटवर. दोन्ही घरी माहीत आहे, विरोध वगैरे काही नाही, पण साखरपुडा नाही, तारीख नाही, आणि आईच्या भाषेत 'कशाचा काही पत्ता नाही'. डिसेंबरमधे मी जायचं असं आमचं दोघांचं ठरलं, ख्रिसमस मार्केट्स बघू, थंडीत कुडकुडू.

आता व्हिसा. जर्मनीसाठी जो लागतो तो शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, शॉर्ट स्टे, टाइप सी, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. फी ९० युरो, जून २०२४ पर्यंत ८० होती, म्हणजे आपले नऊ हजारांच्या वर, प्लस व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा, आणि नाकारला तरी परत काही मिळत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करायलाच लागतो. सगळे बोलताना टुरिस्ट व्हिसाच म्हणतात पण फॉर्ममधे प्रवासाचा उद्देश विचारतात आणि तिथे फिरायला जाणं वेगळं आणि मित्र-नातेवाईकांकडे जाणं वेगळं. खरा प्रश्न इथेच सुरू होतो, की बॉयफ्रेंड आहे हे लिहायचं का नाही.

स्टेशनजवळ एका एजंटकडे सहज चौकशीला गेले होते. पहिल्या दोन मिनिटांत निकाल. 'मॅडम, त्यांचं नावच काढू नका. पॅरिस-स्वित्झर्लंडची आयटिनरी बनवून देतो, हॉटेलं कॅन्सल होणारी टाकतो, एकदा व्हिसा हातात आला की तुम्ही जा कुठे जायचंय तिकडे.' खोटं बोलण्याबद्दल माझा फार मोठा नैतिक आक्षेप आहे असं नाही, मॅनेजरला मी बरंच काही सांगत असते, पण हे खोटं एकदा बोलून संपत नाही ना. नियम असा आहे की ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि मी तर राहणार जर्मनीत. शिवाय व्हिसा मिळाला म्हणजे आत सोडलंच असं नसतं, एअरपोर्टवर तो काचेमागचा ऑफिसर परत विचारू शकतो की कुठे राहणार, कोणाकडे, किती दिवस, पैसे कुठून. तेव्हा रात्रभराच्या प्रवासाने डोकं बधिर झालेलं असताना मी पॅरिसच्या हॉटेलचं नाव आठवत बसू का? आणि खोटे कागद सापडले तर तेवढ्यावर व्हिसा नाकारता येतो आणि त्याची नोंद त्यांच्या सिस्टिममधे राहते, म्हणजे उद्या लग्न करून जायची वेळ आली तेव्हाही ती उघडणार. एजंटला 'विचार करून सांगते' म्हणलं आणि आले.

मग ठरलं की सरळ लिहायचं, मित्राकडे जातेय, हा माझा पार्टनर आहे, त्याच्याकडे राहणार.

हे ठरल्यावर पुढचा प्रश्न पैशाचा. दोन रस्ते आहेत. एकतर आपल्या पगारावर आणि बँक बॅलन्सवर जायचं आणि त्याच्याकडून साधं निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्टची नि रेसिडेन्स परमिटची कॉपी जोडायची. नाहीतर त्याने तिकडच्या फॉरेनर्स ऑफिसमधे जाऊन एक हमीपत्र बनवून घ्यायचं, ज्याचं जर्मन नाव मी अजूनही एका दमात म्हणू शकत नाही, फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. आपल्या लोकांत त्याला सरळ व्हीई म्हणतात. २९ युरो फी असते, तो पगाराच्या स्लिप्स आणि घराचं अ‍ॅग्रीमेंट घेऊन जातो, ते बघतात की याला एक माणूस पोसणं परवडतं का, आणि मग त्याची सही घेतात. नुसती पीडीएफ पाठवून भागत नाही, मूळ कागद लागतो. त्याच्या ऑफिसमधला एक जण गणपतीनंतर कल्याणला येत होता त्याच्याबरोबर पाठवला, आणि तो घ्यायला मी कल्याणला गेले, रविवारी दुपारी, प्लास्टिकच्या फोल्डरमधे घातलेला तो जाड सरकारी कागद छातीशी धरून लोकलमधे बसले.

आणि इथे आमच्या आईची एन्ट्री.

घरी आल्यावर तिने विचारलं काय आहे हे. मी सांगितलं की याने लिहून दिलंय की माझा तिकडे राहण्याचा, जेवणाखाण्याचा, आजारी पडले तर दवाखान्याचा खर्च तो करेल, आणि उद्या मी परत यायला नकार दिला आणि मला सरकारने उचलून परत पाठवलं तर तो खर्चसुद्धा त्याच्याच अंगावर. मी हे विनोद म्हणून सांगत होते. आईने चष्मा लावला, त्यातलं एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत वाचलं, खाली सही आणि शिक्का बघितला आणि म्हणाली, 'म्हणजे लेखी दिलंय ना त्याने?' हो म्हणलं. 'सरकारी ऑफिसात जाऊन?' हो. त्या संध्याकाळी तिने मावशीला फोन लावला आणि मी आतल्या खोलीतून ऐकलं, 'अगं चांगला आहे मुलगा, सगळी जबाबदारी घेतलीय, लिहून.' साखरपुड्याला जे जमलं नसतं ते लाइपझिगच्या एका टेबलाने करून दाखवलं.

पण व्हीई मिळालं म्हणजे झालं असं समजू नका, इथे बरेच जण फसतात. ते फक्त पैशाचा प्रश्न सोडवतं. तू परत येणार का, हा प्रश्न तसाच राहतो, आणि खरंतर थोडा वाढतोच, कारण तिकडे तुझी काळजी घ्यायला माणूस आहे हे तूच कागदावर आणून दिलंस. नकाराचा जो छापील फॉर्म असतो त्यात कारणांची यादी असते आणि त्यातलं एक हेच, की व्हिसाची मुदत संपायच्या आत तुम्ही निघून जाल याबद्दल रास्त शंका आहे. आमच्या ऑफिसमधल्या एकीला तिच्या नवऱ्याच्या भावाकडे जाताना हेच कारण मिळालं होतं. ती मला सांगत होती की घाबरू नकोस, रिजेक्ट झालं तर फुकटात अपील टाकता येतं, तेव्हा मीच शोधून तिला दाखवलं की जर्मनीने ती रेमॉन्स्ट्रेशनची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केलीय. आता नाकारला तर नवीन अर्ज नवीन फी, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जा. म्हणजे जे काय पटवायचंय ते पहिल्याच फाइलमधे.

तर परत येण्याचे पुरावे. लीव्ह लेटर सगळ्यात महत्त्वाचं, नुसतं 'रजा मंजूर' नाही, किती वर्षं नोकरी करतेय, पगार किती, आणि अमुक तारखेला परत रुजू होईल हे वाक्य. एचआरने पहिल्यांदा दिलं त्यात ते वाक्य नव्हतं, परत मागून घेतलं. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप्स, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट शिक्क्यासकट, आयटीआर. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. विमानाचं रिझर्वेशन, तिकीट नाही, व्हिसा यायच्या आधी नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका कोणी कितीही स्वस्त दाखवलं तरी.

बाबांचं म्हणणं होतं की ते माझ्या खात्यात तीन लाख टाकतात, 'बॅलन्स भरलेला दिसला पाहिजे'. मी समजावलं की बाबा ते बॅलन्स बघत नाहीत, ते पैसे कसे येतात-जातात ते बघतात, दर महिन्याला पगार येतोय, एसआयपी जातेय, विजेचं बिल जातंय, आणि मधेच कुठूनतरी तीन लाख टपकले की उलट शंका येते. पटलं नाही पण ऐकलं. मग दुसऱ्या दिवशी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट घेऊन आले. घर त्यांच्या नावावर, माझा त्यात काडीचा संबंध नाही. 'पण तू इथे राहतेस ना, मग? परत यायला घर आहे हे दिसायला नको का त्यांना?' लावलं मी ते फाइलमधे, सगळ्यात शेवटी. खोटं तर नव्हतंच ते.

फोटोची वेगळी कथा. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी किंवा फिकट बॅकग्राऊंड, आणि चेहरा फोटोच्या उंचीच्या साधारण सत्तर-ऐंशी टक्के, पासपोर्टसारखा खांद्यापर्यंतचा चालत नाही. गोखले रोडला एका स्टुडिओत गेले तर त्या दादाने फोटो छान काढला आणि मग मी स्क्रीनकडे बघतेय तोपर्यंत माऊस फिरवून हनुवटीवरचा पिंपल घालवला, डोळ्याखालचं काळं घालवलं आणि एकूण दोन शेड गोरी केली. म्हणलं दादा, एडिट नको, व्हिसासाठी आहे. 'मॅडम, सगळ्यांना करून देतो, एक्स्ट्रा नाही घेत.' त्याला वाटलं मी पैशाचं बोलतेय. शेवटी पिंपल परत आणायला लावला, हो, कंट्रोल झेड मारून, तो एवढा दुखावला की विचारू नका.

आता कव्हर लेटर. माझ्या मते सगळ्या फाइलमधे खरा जीव इथे असतो, बाकी सगळे कागद कोणीही जमवतो. नेटवर नमुने मिळतात, सगळ्यांत 'युरोपची समृद्ध संस्कृती अनुभवायची आहे' वगैरे, तो ऑफिसर दिवसातून किती वेळा वाचत असेल ते. मी एक पान लिहिलं, साध्या इंग्रजीत. मी कोण, काय करते, कोणाकडे जातेय. तो माझा पार्टनर आहे, आम्ही इंजिनिअरिंगपासून एकत्र आहोत, तो इकडे दोनदा येऊन गेला, आता मी जातेय. आणि मग एक परिच्छेद ज्याच्यावर आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर बरेच भांडलो. मला लिहायचं होतं की आम्हाला पुढे लग्न करायचंय, पण या ट्रिपमधे नाही. याचं म्हणणं, कशाला लग्नाचा विषय काढतेस, उगाच त्यांच्या डोक्यात किडा. माझं म्हणणं, किडा तर आधीच आहे, अठ्ठावीस वर्षांची मुलगी ब्लू कार्डवाल्या मुलाकडे राहायला चाललीय, त्यांना काय दिसत नाही का? त्यापेक्षा आपणच लिहू की लग्न झाल्यावर तिकडे राहायचं तर वेगळा नॅशनल व्हिसा लागतो हे मला माहितेय, आणि तो मी रीतसर इथूनच काढेन. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच थांबून पुढचं परमिट काढता येत नाही सहसा, परत येऊनच अर्ज करावा लागतो. हा नियम मला माहीत आहे हेच दाखवायचं होतं, की मी घाई करून सगळ्याचा विचका करणार नाही. साध्या नोकरीच्या परमिटवाल्यांच्या बायकांना सहसा ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं जर्मन लागतं, ब्लू कार्डवाल्यांच्या बायकांना त्यातून सूट आहे, हेसुद्धा मला तोंडपाठ होतं पण ते नाही लिहिलं, फारच तयारी दिसली असती.

ते लेटर प्रिंट करून जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. आईने वाचलं. तिला इंग्रजी नीट येतं, तीस वर्षं शाळेत शिकवलंय.

'हे तू जर्मनीला लिहून देतेस, लग्न करायचंय म्हणून,' ती म्हणाली, 'आणि मी वर्षभर विचारतेय तर मला म्हणतेस बघू.'

मला खरंच काही सुचलं नाही. कारण ती बरोबर होती, त्या पानावर मी जेवढं स्पष्ट लिहिलं होतं तेवढं घरी कधी बोललेच नव्हते, याच्याशीसुद्धा नाही, त्या परिच्छेदावर भांडताना आम्ही पहिल्यांदा 'पुढच्या वर्षी का त्याच्या पुढच्या' असं उघड बोललो. एका अनोळखी ऑफिसरला पटवायला माणूस जेवढा विचार करतो तेवढा घरच्यांसाठी करत नाही, कारण घरचे फी घेत नाहीत. मी आईला म्हणलं, २०२६ च्या दिवाळीनंतर. ती म्हणाली, 'लिहून दे.' आणि हसली, पण मला वाटतं तिला खरंच लिहून हवं होतं.

नात्याचा पुरावा म्हणून चॅटचे स्क्रीनशॉट लावू नका, कोणी वाचायला बसत नाही आणि वाचले तर आपलीच पंचाईत. मी त्याच्या भारतात येण्याच्या तिकिटांच्या कॉपी आणि एका कागदावर चार फोटो लावले. फोटो निवडताना लक्षात आलं की आमचे एकत्र फोटो दोनच प्रकारचे आहेत, एक त्याच्या ताईच्या लग्नातले, ज्यात आमच्या दोघांमधे तीन काकू उभ्या आहेत, आणि दुसरे तलावपाळीवरचे सेल्फी, ज्यात निम्मा फोटो वडापावने भरलाय. दोन्हीतले दोन-दोन घेतले.

व्हिसा सेंटरच्या अपॉइंटमेंटच्या दिवशी ठाण्याहून फास्ट पकडून दादर, पुढे टॅक्सी. तिथे जे लोक काउंटरवर बसतात ते फक्त कागद घेतात, निर्णय त्यांचा नसतो, सगळं कॉन्सुलेटकडे जातं, त्यामुळे त्यांच्याशी हुज्जत घालण्यात आणि त्यांना इम्प्रेस करण्यात दोन्हीत अर्थ नाही. बाबांनी आदल्या रात्री सगळी फाइल विषयवार लावून, प्रत्येक गठ्ठ्याला कोपऱ्यात त्यांची ती जाडी ऑफिसवाली पिन मारून दिली होती, एकदम टेंडर भरल्यासारखी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'स्टेपल सगळे काढा मॅडम, स्कॅन करायचंय.' मग मी खुर्चीत बसून नखांनी एकेक पिन उपटतेय, शेजारी एक गुजराती काका त्यांच्या मुलाकडे चाललेले, त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली, 'आनाथी करो बेटा.' त्यांच्या किल्लीने माझ्या सॅलरी स्लिप्स मोकळ्या झाल्या. मग दहा बोटांचे ठसे, फोटो, पावती. ठसे एकदा दिले की पुढच्या ५९ महिन्यांत परत अर्ज केला तर साधारण पुन्हा द्यायला लागत नाहीत. व्हीईचा मूळ कागद तिने उलटापालटा करून बघितला, झेरॉक्स घेतली, शेअर सर्टिफिकेटवर क्षणभर थांबली पण काही बोलली नाही.

मग वाट बघणं. नियमाप्रमाणे पंधरा दिवस, चौकशी लांबली तर पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतं. त्यात मधे दिवाळी आली. पासपोर्ट आपल्याकडे नसतो तेव्हा उगाच हातातलं काहीतरी हरवल्यासारखं वाटत राहतं. फराळाला आलेली आत्या म्हणाली, 'जातेच आहेस तर तिकडेच उरकून टाक ना लग्न, परत कशाला येतेस?' मी आणि आई एकदम 'नाही!' म्हणून ओरडलो. आईला हॉल, जेवण, दोनशे माणसं हवी होती आणि मला कव्हर लेटर खरं ठेवायचं होतं, कारणं वेगळी पण आवाज एक. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली, साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला आणि आमची रात्रीची कॉलची वेळ परत बोंबलली.

पासपोर्ट कुरियरने आला तेव्हा मी ऑफिसला होते. आईने पाकीट फोडलं आणि व्हिडिओ कॉल लावून पानं उलटत बसली, 'कुठे असतं गं, कुठल्या पानावर.' मिळाला. सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच आत जाता येतं, मागितले होते तेवढे दिवस, आणि व्हॅलिडिटी त्याच्या पंधरा दिवस पुढे, ती मोकळीक तारखा सरकल्या तर म्हणून असते, जास्त राहायला नसते, स्टिकरवर दिवसांचा आकडा वेगळा लिहिलेला असतो तो बघा. पहिल्याच वेळी लांब मुदतीचा मल्टिपल, म्हणजे कितीही वेळा ये-जा करता येणारा, मिळत नाही सहसा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असं आहे की तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरून परत आलात की मग दोन वर्षांचा मिळू शकतो. म्हणजे परत येण्याचा फायदा आहे, हे आत्याला सांगायचं राहिलं.

सध्या घरात बॅगेवरून चाललंय. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे आईने त्याच्यासाठी कढवलेलं साजूक तूप बाद, खव्याचे पेढे बाद. फळंही सर्टिफिकेटशिवाय बहुतेक बादच, त्यामुळे संत्र्यांवरही फुली. आईचा विश्वासच बसत नाहीये, 'घरचं तूप आहे, विकतचं नाही, सांग त्यांना.' भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चकल्या, पोह्याचा चिवडा एवढ्यावर तडजोड झालीय. चिवड्यातलं खोबरं चालेल का म्हणून काल रात्री तिने मला परत नियम वाचायला लावले. चालेल म्हणलं. तर आता ती खोबरं जास्तीचं घालून नवीन करायला निघालीय.